शेवटी चढणारे सर

फळ्याकडे तोंड केलं की माझा कान अजूनही मागच्या बाकावर असतो. तिथे कोणी बसलेलं नसतं, बसलंच तर एखादं डुलक्या घेणारं पोर. पण कोणाच्या हातून कंपास पडला, कोणी पट्टी आपटली, की मी खडू तसाच धरून थांबते. टक. एकदा वाजलं की थांबायचं. दोनदा वाजलं की चालू लागायचं. सर जाऊन वर्ष उलटलं, तरी ही खोड काही जात नाही. जाऊही नये, असं मला मनापासून वाटतं.

ते आम्हाला नंदुरबारला बी.एड.ला इतिहासाची अध्यापन पद्धती शिकवायचे. उंचीने बेताचे, अंगाने दणकट, केस पांढरे आणि मिशा मात्र काळ्याभोर. त्या काळ्या कशा राहिल्या यावर आमच्या बॅचमध्ये दोन पक्ष होते. वर पांढरा शुभ्र शर्ट आणि खाली बारा महिने खाकी पँट. खांद्यावरून तिरकी घातलेली कातडी पिशवी, तिच्यात खडू, डस्टर आणि एखादं केळं. आणि उजव्या हातात तो चिमटा. जुन्या गाड्यांमध्ये कंडक्टर ज्याने तिकिटाला भोक पाडायचे, तोच. आताच्या पोरांना तो माहीत नाही, त्यांना मशीनमधून निघणारं तिकीट माहीत आहे.

कारण सर आधी कंडक्टर होते. खापर गावचे. इतिहास घेऊन बी.ए. झाले, पुढे शिकायला घरची परवानगी नव्हती आणि ऐपतही नव्हती, म्हणून लाल गाडीवर लागले. गाडीवर असतानाच बाहेरून एम.ए. केलं, मग बिनपगारी रजा काढून बी.एड., मग शाळेत मास्तर, आणि शेवटी मास्तरांचे मास्तर. हे सगळं त्यांनी कधी कौतुकाने सांगितलं नाही. "तीन गाड्या बदलून आलो," एवढंच म्हणायचे.

गाडी सुटली, पण कंडक्टर काही अंगातून उतरला नाही. वर्गात शिरताना दारात उभे राहून सगळ्यांना आधी आत घ्यायचे. "चला, पुढे सरका, मागे जागा आहे." सगळे आत गेले की बाहेरच्या व्हरांड्यात डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, मग स्वतः. प्राचार्य आले तरी तेच. एकदा प्राचार्य म्हणाले, "अहो सर, तुम्ही व्हा ना पुढे." सर म्हणाले, "कंडक्टर शेवटी चढतो, साहेब." आणि प्राचार्यांनाच आत ढकललं. गाडीतून प्रवास करताना तर सीट रिकामी असली तरी बसायचे नाहीत, दाराजवळच्या दांड्याला धरून उभे. सगळे कंडक्टर त्यांना ओळखायचे आणि सगळे त्यांना वैतागायचे, कारण सर त्यांना थांब्यांची आठवण करून द्यायचे.

मी या माणसाच्या तावडीत कशी सापडले, ते सांगते. आमचं गाव कळसाडी. घरी कापूस, थोडा ऊस. शहाद्याच्या कॉलेजात मी इतिहास घेऊन बी.ए. झाले, चांगली पहिल्या वर्गात. पण गावात जो भेटेल तो विचारायचा, इतिहास घेऊन काय करणार? जणू मी एखादी कुत्री पाळली होती आणि ती चावते का, असं लोक विचारत होते. मला मास्तरीण व्हायचं होतं. इतिहासाचीच. दुसरं काही नाही. लहानपणापासून मला एखादी गोष्ट कळली की ती दुसऱ्याला सांगितल्याशिवाय चैन पडत नसे, मग तो दुसरा ऐकत असो वा नसो.

बापू म्हणजे माझे वडील. माणूस मायाळू, पण एकदा बोलले की बोलले. माझं बी.ए.चं प्रमाणपत्र त्यांनी देव्हाऱ्यासमोर ठेवलं, हळदकुंकू लावलं आणि म्हणाले, "इतिहास शिकीसन काय करशी तू? बरं, दोन वरीस देस तुले. बी.एड. कर. नोकरी लागनी तं ठीक, नही तं मी सांगसू तठे लगीन. मंग रडानं नही." मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

म्हणजे माझं सगळं त्या दोन वर्षांवर लागलेलं होतं, आणि पहिल्याच दिवशी समोर हा चिमटेवाला.

त्या दिवशी त्यांनी काहीच शिकवलं नाही. फळ्यावर एक वर्तुळ काढलं, त्यात लिहिलं, 'बी.ए. इतिहास'. म्हणाले, "हा तुमचा स्टँड. इथून गाड्या सुटतात." मग त्यांनी रेघा मारायला सुरुवात केली. पहिली रेघ बी.एड., टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पोर्टल, आणि शेवटी जिल्हा परिषदेची शाळा, सहावी ते आठवी, सामाजिक शास्त्रे. दुसरी रेघ बी.एड. आणि एम.ए., आणि खाजगी शाळा नाहीतर ज्युनिअर कॉलेज. तिसरी एम.ए., सेट-नेट आणि सीनिअर कॉलेज. चौथी आश्रमशाळा. आणि प्रत्येक रेघेच्या मध्येच एक ठिपका, 'तासिका तत्त्व', म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे. "हा थांबा सगळ्या मार्गांवर लागतो," सर म्हणाले. "इथे गाडी किती वेळ उभी राहील, ते मलाही माहीत नाही. खाली उतरून पाय मोकळे करा, चहा प्या, पण गाडी सोडून घरी जाऊ नका. पुष्कळ जण इथूनच घरी जातात."

मी हात वर केला. "सर, लवकर पोहोचवणारी गाडी कुठली?"

"तुला घाई कसली आहे?"

"माझ्याकडे दोनच वर्षं आहेत."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, चिमटा दोनदा टेबलावर वाजवला आणि म्हणाले, "मग बस. बघू."

त्यांची खरी गंमत टाचण तपासताना कळायची. टाचण म्हणजे पाठाचा आराखडा. शाळेत जाऊन सराव पाठ घ्यायच्या आधी तो लिहून सरांकडून मंजूर करून घ्यावा लागायचा. बाकीचे प्राध्यापक सही करायचे. आमचे सर चिमट्याने कोपऱ्यात भोक पाडायचे. प्राचार्यांनी एकदा आक्षेप घेतला, विद्यापीठाची समिती आली तर काय सांगायचं? सर म्हणाले, "सांगा, तिकीट तपासलंय." शेवटी तडजोड झाली. सही पण आणि भोक पण.

पण भोक फुकट मिळत नसे. त्यांचा नियम होता. पाठ वर्गात घेण्याआधी तो घरातल्या अशा माणसाला सांगायचा, ज्याला परीक्षा द्यायची नाही. आणि त्या माणसाने जो प्रश्न विचारला, तो टाचणाच्या शेवटी लिहून आणायचा. प्रश्न नसेल तर भोक नाही. भोक नसेल तर पाठ नाही. "ज्याला मार्क हवे आहेत तो तुमचं मुकाट्याने ऐकून घेईल," म्हणायचे. "ज्याला नको आहेत, तोच अडवेल."

आमच्यात धानोऱ्याचा एक हुशार मुलगा होता. त्याला हे सगळं पोरखेळ वाटायचं. त्याने खोलीवर बसूनच टाचण लिहिलं आणि खाली ठोकून दिलं, 'माझ्या आजोबांनी विचारले : फ्रेंच राज्यक्रांतीचे दूरगामी परिणाम कोणते?' सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढला.

"तुझे आजोबा बोर्डाचे पेपर काढतात का रे?"

वर्गात हशा फुटला. तो मुलगा कानापर्यंत लाल. शनिवारी गेला बिचारा गावी, सोमवारी खरा प्रश्न घेऊन आला. आजोबांनी विचारलं होतं, "राजाले मारं ते मारं, मंग दुसरे दिवस गावना पाटील कोन व्हता?" सर इतके खूश झाले की त्यांनी त्याच्या टाचणाला दोन भोकं पाडली.

आणि माझी मैत्रीण होती, नंदुरबारचीच, तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या रजया भरायचं काम. तिने अम्मीला मुघलांचा पाठ सांगितला. दरबार, सिंहासन, मनसबदार, सगळं. अम्मी सुई न थांबवता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "वो सब ठीक है बेटा, पर सर्दी में बादशाह ओढता क्या था? उसकी रजाई कौन भरता था?" सरांनी तो प्रश्न वाचला आणि खुर्चीवरून उठून उभेच राहिले. "अम्मींना माझा सलाम सांग," म्हणाले. नंतर कितीतरी दिवस ती मुलगी हवेत तरंगत होती. मला तिचा हेवा वाटायचा, खरंच सांगते.

कारण माझी पंचाईत वेगळी होती. मी सांगणार कोणाला? मायकडे गेले तर ती म्हणाली, "मन्हा हात पीठमा शेत, बापूले सांग." बापूंना! ज्यांनी मला दोन वर्षांची मुदत दिली होती, त्यांनाच! पण शनिवार होता, सोमवारी टाचण द्यायचं होतं. बापू ओट्यावर फवारणीचा पंप खोलून बसले होते. मी त्यांच्या समोर बसले आणि औद्योगिक क्रांती सुरू केली. इंग्लंड, वाफेचं यंत्र, सूतगिरण्या, मँचेस्टर. बापू पंपाचं वायसर शोधत होते. मला वाटलं, ऐकतच नाहीत. मी उठणार, तेवढ्यात म्हणाले,

"तठे कापूस पिकस का?"

"नाही. तिकडे थंडी असते."

"मंग इतल्या गिरण्या कसावर चाले? कापूस कोन्हा व्हता?"

बी.ए.ला पहिला वर्ग, आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता! आमच्या दारात कापसाची गंजी होती, तिला टेकून मी त्यांना मँचेस्टर सांगत होते. मी तो प्रश्न जसाच्या तसा, अहिराणीतच लिहिला. सरांनी तो वाचला तेव्हा चिमटा त्यांच्या हातात तसाच राहिला.

"कोणी विचारलं?"

"माझ्या वडिलांनी."

"शेती?"

"हो सर. कळसाडी."

"त्यांना सांग, प्रवासी अगदी बरोबर जागी चढलाय." मग त्यांनी मला ग्रंथालयात पिटाळलं. खानदेशातला कापूस बैलगाड्यांनी, मग आगगाडीने मुंबईला आणि तिथून जहाजाने इंग्लंडला कसा गेला, ते शोधायला लावलं, आणि पुढच्या शनिवारी बापूंना सांगून यायला लावलं. बापूंनी ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे आपला आजाबी त्या गोष्टमा शे." आणि आत जाऊन मायला तेच सगळं पुन्हा सांगितलं, तिखटमीठ लावून.

त्यानंतर मी शनिवारी घरात पाऊल टाकलं की बापू विचारायचे, "काय वं, आज कोन राजा मरी गया?" पंप, कोयता, जे काय हातात असेल ते बाजूला ठेवून ऐकायचे. सरांच्या चिमट्याची गोष्ट त्यांना फार आवडली होती. जेवताना मी बोलत असले की चमच्याने ताटावर वाजवायचे. टक, म्हणजे थांब, मला नाही कळलं. टक टक, म्हणजे चालू दे. माय म्हणायची, दोघं बापलेक येडी झाली. सर आणि बापू एकमेकांना कधी भेटले नव्हते, पण दर सोमवारी सर विचारायचे, "कळसाडीचा प्रश्न आला का?"

आता एका टकेबद्दल सांगायला हवं, कारण आम्ही सगळे तिला टरकून होतो. सराव पाठाच्या वेळी सर निरीक्षकाच्या खुर्चीवर कधीच बसले नाहीत. मुलांबरोबर शेवटच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. आपण शिकवत असायचो आणि मध्येच, टक. आपण गोठून जायचो. काय चुकलं? तारीख? उच्चार? मग थोड्या वेळाने टक टक आली की जीव भांड्यात पडायचा. माझ्या एका पाठाला, नंदुरबारच्याच एका शाळेत, टक आली. मी वाक्य पुन्हा म्हटलं. टक. मी तारीख बदलली. टक. मी फळा पुसून पुन्हा लिहिला. टक. माझं अवसान गेलं. तास संपला तेव्हा मी पाण्याच्या टाकीमागे उभी राहून रडत होते, कारण माझ्या डोळ्यांसमोर लग्नाचा मांडवच आला होता.

सर तिथे आले. पिशवीतून केळं काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "खा आधी. आणि मला सांग, एक बेल म्हणजे काय?"

"चूक."

"कोणी सांगितलं तुला? गाडीत एक बेल कशाला मारतात?"

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. खापरच्या बाजाराचा दिवस. डोंगरात जाणारी शेवटची गाडी, माणसं टपावर बसायची बाकी. एक म्हातारा आत चढला, त्याची बायको खालून एकेक गाठोडं वर देत होती. सरांना वाटलं, सगळे चढले. त्यांनी दोनदा दोरी ओढली. गाडी निघाली. म्हातारा त्याच्या बोलीत ओरडायला लागला, गर्दीत सरांना वाटलं जागेवरून भांडतोय. घाट लागला तेव्हा कोणीतरी समजावून सांगितलं, त्याची बाई खाली राहिली.

"ड्रायव्हर वळवायला तयार नव्हता. मी दोरी सोडलीच नाही. वळवली गाडी. पुढे त्याचा मेमो पण खाल्ला. परत येतो तर म्हातारी तिथेच उभी. हललीसुद्धा नव्हती. शेवटचं गाठोडं डोक्यावर तसंच. मला एक शब्द बोलली नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं गं." सरांनी पिशवी खांद्यावर सारखी केली. "तेव्हापासून माझ्या हातून दोन बेल लवकर वाजत नाहीत. एक बेल म्हणजे चूक नाही. एक बेल म्हणजे कोणीतरी खाली राहिलंय. तिसऱ्या बाकावरची ती निळ्या रिबिनची पोरगी बघितलीस? डोंगरातून आली आहे या वर्षी. तुझं एक अक्षर तिला कळलं नाही. तू तारखा बदलत होतीस, आणि ती खालीच उभी होती."

अर्धं केळं माझ्या हातातच राहिलं. पण त्यानंतर मला टकेची भीती वाटली नाही. टक आली की मी वही बघायची सोडून वर्ग बघायचे.

बी.एड. झालं, टीईटी पण निघाली. आणि मग तो ठिपका आला, सगळ्या मार्गांवरचा. शहाद्याच्या एका शाळेत तासिकेवर लागले. पोर्टल उघडेल म्हणून मोबाईल उशाला घेऊन झोपायचे. दोन वर्षं केव्हाच संपली. पण बापूंनी लग्नाचा विषय काढला नाही. स्थळ आलं की ओट्यावर पाहुण्यांना चहा द्यायचे आणि म्हणायचे, "पोरना एक धडा बाकी शे. तेवढा व्हई जाऊ द्या." पाहुण्यांना वाटायचं, मुलगी अजून शिकतेय. खरी गोष्ट अशी की शनिवारचा धडा बापूंनाच सोडवत नव्हता. मी सगळं ओळखून होते आणि गप्प बसत होते.

आणि एक दिवस यादीत नाव आलं. सहावी ते आठवी, सामाजिक शास्त्रे. शाळा धडगाव तालुक्यात, सातपुड्यात आत. मी नाचत घरी गेले. बापूंनी गावाचं नाव ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तठे एकली पोर? नही."

मी ओरडले, रडले, जेवले नाही. सगळं केलं. वरून त्यांना सुनावलंसुद्धा की इतकी वर्षं मला वेड्यात काढलंत का? बापू चिडले नाहीत. ते चिडले असते तर मला भांडता आलं असतं. फक्त म्हणत राहिले, मन मानत नही, मन मानत नही. डोंगर, घाट, अनोळखी बोली, रात्री-अपरात्री काही झालं तर? शेवटी माय म्हणाली, "तुमना त्या सरले इचारा ना." बापू लगेच तयार झाले. माझा जीव भांड्यात पडला. सर बोलले की झालंच.

पण सर बोलणार कुठून? त्यांना लकवा मारून गेला होता, हे मला ठाऊक होतं. वाचा गेली होती, हे मात्र दारात गेल्यावर काकूंकडून कळलं. काकू म्हणजे सरांची बायको. "सगळं समजतं त्यांना," त्या म्हणाल्या, "बोलता तेवढं येत नाही."

सर खाटेवर होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. म्हणजे आमच्यातला रंगवाला पक्ष जिंकला होता, आणि हे कोणाला सांगून हसावं तर हसूच येईना. उजव्या हाताजवळ तो चिमटा. काकू म्हणाल्या, पाणी हवं असलं की खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवतात. मी पाया पडले, नेमणुकीचं सांगितलं. सरांचे डोळे भरले. मग मी म्हटलं, "सर, हे कळसाडीचे." सरांनी मान वळवली आणि बापूंना बघितलं. दोन वर्षं ज्यांचे प्रश्न वाचले, त्यांना पहिल्यांदा बघत होते. बघतच राहिले.

बापूंनी टोपी काढली, हातात धरली. मला ते बघवेना.

"सर, दोन वरीस तुम्हीन मन्हाकडथून प्रश्न मांगा. आज तुम्हले मीच इचारस. हाई मन्ही एकच आंडेर, एकच पोर. हिले तठे धाडू का नको?"

सरांची बोटं चिमट्याभोवती वळली. हात उचलायला त्यांना फार वेळ लागला.

टक.

आम्ही दुसरीची वाट बघितली. हात खाली आला, चादरीवर पडला, आणि तसाच राहिला. पण सरांची नजर माझ्याकडे नव्हती, बापूंकडे होती. बापूंवरून ती हललीच नाही.

बाहेर आल्यावर बापू हळूच म्हणाले, "आयकं ना? एकच वाजनी. गाडी थांबनी." त्यांना आनंद झाला नव्हता, हे मला दिसत होतं. पण त्यांनी वचन पाळलं होतं, सरांना विचारलं होतं, आणि उत्तर मिळालं होतं. नंदुरबारच्या स्टँडवर शहाद्याच्या गाडीची वाट बघत आम्ही बसलो. मला सरांचा राग आला होता. खरा राग! एवढं एक शेवटचं काम होतं, तेवढी दुसरी टक काढायची होती. समोर एक गाडी निघाली, कोणीतरी "अहो थांबा, थांबा" म्हणत पळत आलं, आणि आतून कंडक्टरने एक बेल मारली.

मी ताडकन उठले.

"बापू, मी तुम्हाला एक गोष्ट सांगितलीच नाही." आणि मग त्या स्टँडवर, त्या गोंगाटात, मी त्यांना खापरची म्हातारी सांगितली. गाठोडं सांगितलं, निळ्या रिबिनची पोरगी सांगितली. "एक बेल म्हणजे नाही असं नसतं, बापू. कोणीतरी खाली राहिलंय, एवढंच."

"कोन राह्यनं?"

"तुम्ही."

सरांच्या मनात तेच होतं, की त्या हाताला दुसरी टक झेपलीच नाही, हे मला आजही ठाऊक नाही. मी बापूंना तसंही सांगितलं. बापूंनी ऐकलं. उपरण्याने तोंड पुसलं. आमची शहाद्याची गाडी लागली, लोक चढायला लागले, तरी ते उठेनात. मग म्हणाले, "तठली गाडी कव्हय शे?"

रुजू व्हायला बापू माझ्याबरोबर आले. धडगावपर्यंत गाडीने, पुढे जीपने. घाटात त्यांनी खिडकीची दांडी घट्ट धरून ठेवली होती आणि मला सांगत होते की भीती वाटत नाही. शाळेत पोचल्यावर मुख्याध्यापकांनी त्यांना ऑफिसात बसा म्हटलं. बापू थेट वर्गात गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. गुडघे पोटाशी घेऊन. मी पहिला तास घेतला. डोंगरातल्या पोरांना माझी मराठी अर्धीच कळत होती. बापूंनी शेजारच्या पोराला खुणेने विचारलं, कळलं का? पोराने मान हलवली, नाही. बापूंनी बाकावर बोट आपटलं. टक. मी खडू ठेवला, त्या पोराजवळ गेले, आणि त्याच्या गावातल्या बाजारापासून पुन्हा सुरुवात केली. त्याच्या बोलीतले दोन शब्द त्यानेच मला शिकवले. माझा उच्चार ऐकून वर्ग हसला, मग सगळे बोलायला लागले. बापूंना पुन्हा टक मारायची गरज पडली नाही.

दुपारी जीपने त्यांना धडगावला सोडायला गेले. तिथे शहाद्याची गाडी भरलेली होती. बापू चढले, दाराजवळच्याच सीटवर जागा मिळाली. मी खाली उभी. डबा परत पाठवा वगैरे काहीतरी बडबडत होते. बापूंचे डोळे लाल झाले होते. कंडक्टर तरुण पोरगा होता, हातात मशीन. त्याने दारातून डोकं बाहेर काढलं, मला तशी उभी बघितली आणि आत विचारलं, "कोणी राहिलं का खाली?"

बापू माझ्याकडे बघत म्हणाले, "नही भो, कोनी नही राह्यनं. ती तिन्हा थांबावर उतरी गयी."

आणि खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.